कॅसेटचे पैसे भरून दीड वर्ष झालं अन् माल नाही, आता काय करू?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका पोराचा मेसेज आला, थोडक्यात असा: "दादा, जुन्या टीव्ही गेमसाठी एसडी कार्डवाली कॅसेट बनवणाऱ्या एका हौशी माणसाला मी दीड वर्षापूर्वी ३,८०० रुपये यूपीआयवर टाकले. तीन महिन्यांत देतो म्हटला होता. विचारलं की 'काम चालू आहे', नाहीतर 'पुढच्या महिन्यात'. आता दोन महिन्यांपासून तर ब्लू टिक येते पण उत्तर नाही. मी चिडलो तर ग्रुपवरचे सिनियर मलाच समजावून राह्यले की हौसेचं काम आहे, धीर धर. मी चुकतोय का? अन् हे सगळ्यांचंच असं काऊन होते?"

तू चुकत नाहीयेस, हे पहिले सांगून टाकतो. पण तुझा राग थोडा चुकीच्या जागी बसलाय. तू उशिरावर चिडलाय, अन् चिडायचं ते त्या दोन महिन्यांच्या ब्लू टिकवर. हे मी दुरून सांगून नाही राह्यलो, मी स्वतः ४० लोकांचे पैसे घेऊन ११ महिने उशीर केलाय अन् त्यातले जवळपास चार महिने तोंड लपवून बसलो होतो. म्हणून जरा लांब उत्तर देतो, चहा घेऊन बस.

मी टीव्ही गेम, सेगा, प्लेस्टेशन वन असली जुनी यंत्रं रिपेअर करतो, चौदा-पंधरा वर्षं झाली, नोकरी बुटीबोरीला अन् हे काम रात्री दहानंतर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वेळ मिळाला तर मी पण हीच कॅसेट बनवायला घेतली. ६० पिनचा स्लॉट, एसडी कार्ड, त्यावर गेमची फाईल टाकायची अन् जुन्या डब्बा टीव्हीवर चालवायची. पहिली कॅसेट किती दिवसांत चालली माहितीय? तीन वीकेंड. घरी डब्बा टीव्हीवर मारिओ लागला, बायको झोपेतून उठून आली म्हणे हे काय वाजून राह्यलं. मी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, लोक पागल झाले, अन् जानेवारी २०२१ मध्ये ४० जणांनी २,२०० रुपये प्रत्येकी पाठवले. म्हणजे ८८,००० रुपये. मी सांगितलं गुढीपाडव्याला देतो. दिले मार्च २०२२ ला.

आता या सव्वा वर्षात झालं काय ते नीट ऐक, कारण तुझ्या माणसाचं पण थोडंफार हेच झालं असणार.

पहिलं म्हणजे चिप. माझ्या बोर्डावर एसडी कार्ड वाचायला एक छोटा मायक्रोकंट्रोलर होता, एसटीएम ३२ एफ १०३, अगदी गल्लीबोळात मिळणारी चिप, मी ती १४० रुपयांना घ्यायचो. २०२१ मध्ये जगभर चिपांचा दुष्काळ पडला. कोविडमध्ये गाड्यांच्या कंपन्यांनी ऑर्डरी कॅन्सल केल्या अन् मग एकदम परत मागितल्या, त्यात ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये 'असाही कासेई' कंपनीच्या चिप कारखान्याला आग, मार्च २०२१ ला जपानमध्येच रेनेसास कंपनीच्या 'नाका' कारखान्याला आग, फेब्रुवारीत टेक्ससच्या बर्फाच्या वादळात ऑस्टिनचे कारखाने बंद. मोठ्या कंपन्याच रांगेत उभ्या होत्या तिथं मला ५० नग कोण देणार? १४० ची चिप ८५० वर गेली. मग मला एकाने ३२० ने देतो म्हटलं, मी उड्या मारत ५० घेतल्या. बोर्डावर बसवल्यावर २३ चिपा एसडी कार्ड वाचता वाचता हँग. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन एका चिपेवर घासलं तर वरचं नाव पुसलं जाऊन खाली घासलेला खरबरीत भाग निघाला. म्हणजे दुसरीच कुठली चिप घासून तिच्यावर नवीन नाव छापलेलं. १६,००० रुपये एका दुपारी पाण्यात. ते पैसे माझे नव्हते, त्या ४० लोकांचे होते, हे लक्षात ठेव, पुढे कामाचं आहे.

दुसरी चूक शंभर टक्के माझी. कॅसेटच्या आतली प्लेट, म्हणजे पीसीबी, १.२ मिलिमीटर जाडीची लागते. पीसीबी मागवताना फॉर्मवर जाडी आपोआप १.६ असते अन् मी ती बदललीच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या टेबलावरच्या टीव्ही गेममध्ये ती घुसली पण अन् चालली पण, कारण त्याचा स्लॉट आधीच वीस वर्षं वापरून ढिल्ला. एका मित्राच्या चांगल्या मशीनमध्ये दाबून घातली तर स्लॉटच्या पिना फाकल्या, मग त्याच्या जुन्या कॅसेटीही लागेनात. त्याचा स्लॉट बदलून दिला, ६० बोर्ड भंगारात, नवीन ऑर्डर, परत पाच आठवडे. शिवाय कडेला जो उतार लागतो, सोनेरी पट्ट्यांच्या टोकाला, तो पण मी मागितला नव्हता. तो उतार नसला की प्लेट सरळ पिनांवर ठोकली जाते.

अन् तिसरी गोष्ट जिच्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, ती आपल्या टीव्ही गेमचीच. आपल्याकडं निनटेंडोचा ओरिजिनल फॅमिकॉम किती घरात होता? आपण सगळे त्याच्या क्लोनवर, म्हणजे नकलेवर, वाढलो. त्यातले जुने चांगले म्हणजे आत यूएमसी कंपनीच्या चिपा, ६५२७ पी अन् ६५३८, वेगवेगळ्या, मोठ्या, पायवाल्या. अन् नंतरचे सगळे म्हणजे बोर्डाच्या मधोमध काळा डांबरासारखा थेंब, त्याच्या आत सगळं एकाच चिपेत. या थेंबवाल्यांचं टायमिंग प्रत्येक लॉटमध्ये वेगळं, काहींमध्ये तर कॅसेटच्या आवाजाच्या पिना जोडलेल्याच नसतात कारण बनवणाऱ्याने तेवढेच दोन पैसे वाचवले. ज्या कॅसेटीवर कॉन्ट्रा एका मशीनवर मस्त चालते तीच दुसऱ्यावर पहिल्या पुलापाशी अडकते. मी मूर्खासारखं "सगळ्या टीव्ही गेमवर चालेल" असं लिहून बसलो होतो. मग कबाड्यांकडून, नातेवाइकांच्या माळ्यावरून, बर्डीतल्या एका जुन्या रिपेअरवाल्याकडून असे १७ वेगवेगळे टीव्ही गेम गोळा केले अन् एकेक तपासत बसलो.

त्यात एक प्रकार असा की कॅसेट सकाळी चालायची अन् दुपारी नाही. तीन आठवडे मी प्रोग्राममध्ये चूक शोधून राह्यलो. शेवटी बोट लावलं तेव्हा कळलं, आतला ७८०५ इस्त्रीसारखा तापलेला. हा ७८०५ म्हणजे ९ व्होल्टच्या अडॅप्टरचे ५ व्होल्ट करणारा तीन पायांचा रेग्युलेटर. आता हिशोब बघ. उरलेले ४ व्होल्ट तो नुसते उष्णतेत घालवतो. माझी कॅसेट जुन्या कॅसेटीपेक्षा जास्त करंट खायची, सगळं मिळून ०.४ ॲम्पिअर धर, म्हणजे १.६ वॅट. मागे ॲल्युमिनियमची पट्टी नसली तर प्रत्येक वॅटला साधारण ६० डिग्री चढते, म्हणजे आतल्या भागाचं तापमान खोलीपेक्षा ९५ च्या आसपास वर. पुण्यात खोली २८ डिग्री असते, भागून जाते. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी कूलर बंद पडला की खोलीच ४२, म्हणजे १३७, अन् हा बाबा १२५ च्या वर कामाचा राहत नाही, पहिले पडद्यावर लाटा येतात अन् मग तो स्वतःला वाचवायला बंद पडतो. पुण्याच्या टेस्टरने मला लिहून पाठवलं होतं "एकदम ओके चालतंय". चालणारच ना भाऊ.

शेलचं, म्हणजे कॅसेटच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या डब्याचं, तर विचारूच नको. साच्यासाठी हिंगणा एमआयडीसीत विचारलं तर एकाने दीड लाख सांगितले, ४० कॅसेटींसाठी! साचा ही इतकी महाग गोष्ट आहे की अमेरिकेत अटारी जॅग्वार या जुन्या गेम कन्सोलचे साचे कंपनीनं विकल्यावर एका दातांचे कॅमेरे बनवणाऱ्यांनी घेतले, त्यांनी जॅग्वारच्याच डब्यात आपलं दातांचं मशीन बसवून विकलं, अन् नंतर त्यांच्याकडून ते एका रेट्रो कन्सोल बनवतो म्हणणाऱ्यांनी घेतले. मी आपला थ्रीडी प्रिंट करायला गेलो. पहिले १२ शेल पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये छापून आणले, दिसायला काय सुंदर, अन् ते दोन दिवस गाडीच्या डिकीत राहिले. मे महिना, गाडी उन्हात. पीएलए ६० डिग्रीला मऊ पडते. काढले तर पापड. शेवटी पीईटीजी नावाच्या दुसऱ्या, जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये परत छापले.

हे सगळं वाचून तुला वाटेल की बघा, किती अडचणी होत्या बिचाऱ्याला. होत्याच. पण यातली एकही अडचण मी त्या ४० लोकांना तेव्हा सांगितली नाही. जून ते सप्टेंबर २०२१ मी कोणालाच उत्तर दिलं नाही. काऊन? कामाच्या लोडमुळे नाही, लोड तर नेहमीच असतो, दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो. खरं कारण म्हणजे पैसे संपले होते. बोगस चिपा, चुकीचे बोर्ड, दोन्ही त्या ८८,००० मधून गेलेले. आता कोणी म्हटलं की भाऊ माझे पैसे परत दे, तर माझ्याकडं द्यायला नव्हते. म्हणून मी फोनच उलटा ठेवायचो. मेसेज उघडायचा, वाचायचा, पोटात गोळा, अन् उद्या लिहू म्हणून बंद. तुझ्या ब्लू टिकच्या पलीकडं बहुतेक असाच एक माणूस बसलाय. त्याला सोडून दे असं मी म्हणत नाहीये हां, फक्त तिकडं काय चालू असू शकते ते सांगतोय.

मला बाहेर काढलं गोंदियाच्या एका काकांनी. निवृत्त माणूस, नातवासाठी कॅसेट घेतलेली. त्यांनी फोन केला, मी चुकून उचलला, तर म्हणाले, "कॅसेटीचं जाऊ द्या हो, तुम्ही बरे आहात ना? ही कोरोनाची दुसरी लाट होऊन गेली, म्हणून काळजी वाटली." मी शरमेनं काहीच बोललो नाही. त्या रात्री बसून सगळ्यांना एक मेसेज लिहिला, त्यात चिपांचा, बोर्डांचा, शेलचा फोटो, किती पैसे गेले, किती उरले, अन् ज्याला परत पाहिजे त्याने सांगावं, दिवाळीच्या बोनसमधून देतो. मला वाटलं चाळीसच्या चाळीस मागतील. सहा जणांनी मागितले. बाकीच्यांनी अंगठा दाखवला, एकाने तर बोर्डाचा फोटो बघून माझी अजून एक चूक काढून दिली.

आता बाहेरचं जरा सांगतो म्हणजे तुला ओळखता येईल की तुझा माणूस कुठल्या प्रकारातला. २०१७ ला इंग्लंडमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम नेक्स्ट म्हणून एक प्रोजेक्ट किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे जमवायच्या साईटवर, आला, जुन्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरचा नवीन अवतार, सव्वासात लाख पौंडांच्या आसपास जमले. देणार होते जानेवारी २०१८ ला, मशीन लोकांच्या हातात पडलं २०२० च्या सुरुवातीला. दोन वर्षं उशीर! मधे त्याचा डबा डिझाईन करणारे रिक डिकिन्सन, ज्यांनी १९८२ चा मूळ स्पेक्ट्रमही डिझाईन केला होता, ते २०१८ मध्ये वारले, मग कीबोर्डनं रडवलं. पण ज्यांनी नुसता बोर्ड मागितला होता त्यांना बोर्ड आधी मिळाले, काय अडलंय ते दिसत होतं, अन् दुसरी मोहीम २०२० ला काढली तर लोकांनी पहिल्याच्या दुपटीहून जास्त पैसे दिले. त्यांनाही परत उशीर झाला ती गोष्ट वेगळी.

त्याच्याच आगेमागे, २०१६ ला, त्याच स्पेक्ट्रमच्या नावावर वेगा प्लस नावाचा हातात धरायचा गेम आला, त्यांनीही पाच लाख पौंडांच्या वर जमवले. २०१८ मध्ये थोड्या लोकांना कसाबसा माल गेला, तोही रद्दड, अन् २०१९ ला कंपनीचं दिवाळं. अन् सगळ्यात भारी नमुना म्हणजे कोलेको कमेलियन नावाचा रेट्रो कन्सोल. २०१६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात त्यांनी चालू प्रोटोटाईप ठेवला, लोकांनी फोटो मोठे करून बघितले तर जॅग्वारच्या डब्यात सुपर निनटेंडोचं छोटं मॉडेल कोंबल्यासारखं दिसलं. मग शंका दूर करायला त्यांनी पारदर्शक डब्याचा फोटो टाकला, तर त्यातला बोर्ड निघाला जुन्या पीसीचं टीव्ही कॅप्चर कार्ड! हे पकडलं कोणी, तर तुझ्यामाझ्यासारख्या बोर्ड ओळखणाऱ्या रिकामटेकड्यांनी. त्या दातांच्या मशीनवाल्यांकडून साचे घेणारे ते हेच.

अन् हे फक्त हौशी लोकांचं असतं असंही नाही बरं. ॲनालॉग कंपनीचा पॉकेट, हातात धरायचा गेम, ऑक्टोबर २०१९ ला जाहीर झाला, पहिल्या लोकांना मिळाला डिसेंबर २०२१ ला, अन् तिथं पगारी माणसं आहेत. किकस्टार्टरवर झालेल्या २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात ९ टक्के प्रोजेक्टांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही असं निघालं. म्हणजे पूर्ण बुडवणारे कमी, उशीर करणारे भरपूर.

तर बघायचं काय? कारण किती ठराविक आहे ते बघायचं. "काम चालू आहे" हे कारणच नाही. "सप्लायरचा इश्यू आहे" हे पण नाही. "लेव्हल शिफ्टर मिळून नाही राह्यला, दुसऱ्या नंबरचा टाकला तर पायांची जागा बदलते म्हणून बोर्ड परत काढतोय, हा फोटो" हे कारण आहे (लेव्हल शिफ्टर म्हणजे मशीनचे अन् कॅसेटीच्या चिपेचे वेगवेगळे व्होल्ट जुळवणारी छोटी चिप), मग त्याला सहा महिने का लागेनात. खोटं बोलणाऱ्याला इतकं बारीक खोटं बोलता येत नाही, अन् बोलला तर दोन-तीन मेसेजात फसतो. दुसरं, फोटोत काय बदललं? जो माणूस वर्षभर तोच एक टेबलावर मारिओ चालल्याचा व्हिडिओ दाखवून राह्यला त्याच्याकडं तेवढंच आहे असं समज. टेबलावर एक नग चालणं म्हणजे कामाचा मोठा भाग झाला असं बघणाऱ्याला वाटते, खरं तर शेल, टेस्टिंग, डबा, पत्ते, कुरिअर, न चालणारे परत आलेले नग, सगळा वेळ तिथं जाते. मी पाठवलेल्यांपैकी ५ परत आले होते. अन् तिसरं म्हणजे नवीन बुकिंग चालू आहे का बघ. जुन्यांना माल न देता नवीन लोकांचे ॲडव्हान्स घेणं चालू असेल तर तो पहिल्यांचं भोक दुसऱ्यांच्या पैशानं बुजवतोय, तिथून मात्र लवकर निघ.

आता तू त्याला काय लिहायचं. शिव्या नको, अन् ते "दादा प्लीज अपडेट द्या ना" पण नको, त्याने काही होत नाही, मी स्वतः असे शंभर मेसेज वाचून तसेच सरकवलेत. एकदाच, नीट, तारखेसकट लिही. असं काहीतरी: "मी अमुक तारखेला ३,८०० भरले, तुम्ही तीन महिन्यांत म्हटलं होतं, दीड वर्ष झालं. मला तीन गोष्टी सांगा, बोर्ड हातात आलेत का अन् किती, नसतील तर कुठल्या पार्टसाठी अडले, अन् आज मी पैसे परत मागितले तर देऊ शकता का, एकदम नसेल तर दोन हप्त्यांत चालेल. १५ तारखेपर्यंत उत्तर द्या." ते हप्त्याचं वाक्य मुद्दाम टाक. पैसे संपलेला माणूस त्यामुळेच गप्प बसलेला असतो, त्याला बाहेर यायला एक दार दिसू दे. मला कोणी पहिल्याच महिन्यात असं लिहिलं असतं तर मी चार महिने लपलो नसतो असं मला आजही वाटते. बाकी बुक केलेल्यांपैकी कोणाला ओळखत असशील तर त्यांनाही असाच मेसेज आपापला पाठवायला सांग. ग्रुपवर तमाशा नंतर करता येतो, आधी केला की तो माणूस ग्रुप सोडून जाते अन् तुझे ३,८०० त्याच्यासोबत.

१५ तारीख गेली अन् काहीच नाही आलं तर मग संकोच सोड. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५, तिथं तक्रार टाक. त्यानंही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला आपण अजून ग्राहक मंच म्हणतो, तिथं ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही अन् ऑनलाइन पण दाखल करता येते. पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून हे "पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात" ऐकत बसू नको. यूपीआयची पावती अन् "तीन महिन्यांत देतो" वाला मेसेज आजच्या आज स्क्रीनशॉट काढून ठेव, लोक मेसेज डिलीट करतात. पुढच्या वेळी बाहेरच्या माणसाला पेपलने पैसे देशील तर तिथं तक्रारीची मुदत १८० दिवस असते, अन् या धंद्यात उशीर नेमका सहा महिन्यांच्या पुढंच जातो, मग मुदत संपल्यावर आपण जागे होतो.

राहिले ते ग्रुपवरचे सिनियर. "हौसेचं काम आहे, धीर धर" हे वाक्य मला अर्धंच पटते. कोणी फुकट काम करून राह्यला असेल, जसं मिस्टर या जुन्या मशीनांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोजेक्टसाठी लोक रात्र रात्र जागून एकेका जुन्या मशीनचा कोर, म्हणजे त्या नकलेचा कोड, लिहितात अन् तसाच वाटून टाकतात, किंवा मदर ३ या जपानी गेमचं इंग्रजी भाषांतर काही चाहत्यांनी मिळून केलं अन् २००८ ला फुकट देऊन टाकलं, तिथं "कधी येणार" म्हणून विचारणाऱ्याचा मला भयंकर राग येतो. त्याने तुझं काही घेतलं नाही, तो उद्या सोडून देईल, त्याची मर्जी. पण ज्या मिनिटाला त्याने तुझे ३,८०० घेतले त्या मिनिटाला ती हौस त्याची राहिली, उधारी मात्र झाली. किराणावाला असं वागला असता तर हेच सिनियर दुकानासमोर उभे राहून ओरडले असते. गंमत म्हणजे हे समजावणारे बहुतेक तेच असतात ज्यांचे स्वतःचेही दोन-तीन ॲडव्हान्स कुठंतरी अडकलेत अन् त्यांना ते बुडाले असं मान्य करायचं नाही.

मी आता पैसे आधी घेतच नाही. १० नग माझ्या खर्चाने बनवतो, टेबलावर प्रत्येक नग दोन-दोन तास लावून ठेवतो, उन्हाळ्यात तर मुद्दाम दुपारी, अन् सगळं तयार झालं, डब्यात गेलं, की मग ग्रुपवर टाकतो की १० आहेत, ज्याला पाहिजे त्याने पैसे पाठवा, उद्या कुरिअर. कमी विकले जातात, वर्षाला जेमतेम २०, अन् लोक म्हणतात भाऊ ॲडव्हान्स घे पण मला नक्की दे. नाही घेत. "सगळ्या टीव्ही गेमवर चालेल" हे पण लिहीत नाही, ज्या १७ मशीनवर तपासलं त्यांच्या बोर्डांचे फोटो लावतो अन् म्हणतो झाकण उघडून जुळवून बघा.

तुझ्यासाठी अजून एक काम. त्याने बोर्डाचा फोटो पाठवलाच तर दोन्ही बाजूंचा माग अन् मला दाखव, सोनेरी पट्ट्यांच्या टोकाचा उतार अन् लेव्हल शिफ्टर आहे की नाही एवढं बघून मी सांगू शकतो की वस्तू खरंच होऊन राह्यली की नुसतं चित्र आहे. अन् तोवर रविवारी तुझा टीव्ही गेम अडॅप्टरसकट घेऊन ये, अकरानंतर, आधी नको. कॅसेट या महिन्यात येवो की पुढच्या वर्षी, तुझ्या ७८०५ ला पट्टी नसेल तर ती तशीही मेमध्ये चालणार नाही. पट्टी अन् स्क्रू माझ्याकडं पडलेत, दहा मिनिटांचं काम आहे.